एकच कोळसा, दोन मजुऱ्या

निबंधाच्या वह्या तपासताना एक वाक्य आमच्या दृष्टीस वारंवार पडते : जो कष्ट करतो तो दरिद्री राहत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष असल्यामुळे त्याखाली तांबडी रेघ ओढता येत नाही. परंतु अर्थाच्या दृष्टीने ते खरे आहे किंवा कसे, हे निदान भद्रावतीच्या मुलामुलींनी तरी डोळे उघडून पाहावयास हवे. पहिल्या पाळीसाठी उजाडण्यापूर्वीच डबा घेऊन निघणारी माणसे आपल्या गावात शेकड्यांनी आहेत. त्यांना आळशी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरीही त्यांतील कित्येकांच्या घरी महिन्याचा शेवटचा आठवडा वाण्याच्या उधारीवर निघतो. आळशी मनुष्याच्या दारिद्र्याविषयी बोधकथा पुष्कळ आहेत. काम करणाऱ्या मनुष्याच्या दारिद्र्याविषयी पाठ्यपुस्तकांत फारसे सापडत नाही. ती उणीव थोडीबहुत भरून काढावी, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

याला लागूनच दुसरा एक समज आहे. अमेरिका हा संपन्न देश, तेथे गरिबी कसली, असे आमचे विद्यार्थी मोठ्या विश्वासाने सांगतात. त्या देशाकडे आपण या लेखाच्या उत्तरार्धात वळू. आधी घरचे पाहू.

भद्रावती म्हणजे पूर्वीचे भांदक. रेल्वेच्या स्थानकाने ते नाव अद्याप जपून ठेवले आहे. विजासनची लेणी, भद्रनागाचे देऊळ, जैन मंदिर यांच्या दर्शनास बाहेरगावचे लोक येतात व गाव किती प्राचीन आहे याचे कौतुक करितात. पण या लेण्यांहून कितीतरी पटीने प्राचीन अशी एक वस्तू आपल्या पायांखाली आहे, आणि गेल्या दीडशे वर्षांत या प्रदेशाचे दैव तिनेच फिरविले आहे. ती वस्तू म्हणजे दगडी कोळसा. वर्धा नदीच्या खोऱ्यात गोंडवन काळातील खडकांच्या थरांत तो दडलेला आहे. इंग्रजी अमदानीत, 1871 च्या सुमारास, शेजारच्या वरोऱ्यास सरकारी खाण निघाली. तिच्यासाठी वर्ध्याहून आगगाडीचा फाटा आणण्यात आला. ती खाण 1906 साली बंद पडली, तोवर बल्लारपूरकडे नवी खाण सुरू झाली होती. पुढे माजरी, घुग्घुस, राजूर अशी नावे एकामागून एक नकाशावर चढली. चांद्याचे चंद्रपूर झाले ते 1964 साली. त्यावेळी खाणी खाजगी मालकांच्याच होत्या.

खाजगी मालकीच्या काळात खाणकामगाराची स्थिती काय होती, हे वृद्ध माणसांस विचारावे. मजुरी टबावर, म्हणजे भरलेल्या डब्यांच्या संख्येवर मोजली जाई. डबे मोजणारा मालकाचा. कामगार भरती करणारा, त्याला उचल देणारा व त्याच्यावर देखरेख करणारा बहुधा एकच इसम असे, आणि त्याचे नाव मुकादम. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्यांच्या कारकिर्दीत, 1944 साली, कोळसाखाणींतील मजुरांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याचा वटहुकूम निघाला. स्त्रियांना जमिनीखालच्या कामावर नेण्याची बंदी युद्धाच्या गडबडीत 1943 साली उठविण्यात आली होती, ती 1946 साली पुन्हा लागू झाली. 1948 साली किमान वेतनाचा कायदा झाला, आणि कोळसाखाणींसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदाही त्याच वर्षीचा. कायदे झाले. पण खोल भुयारात कायदा पोहोचावयास वेळ लागतो.

खरा पालट 1973 साली झाला. त्या वर्षी केंद्र सरकारने देशातील बहुतेक सर्व खाजगी कोळसाखाणी ताब्यात घेऊन त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. 1975 साली कोल इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि आपल्या भागातील खाणी तिच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या नागपूरच्या कंपनीकडे आल्या. तिलाच आपण सारे वेकोलि म्हणतो. याच सुमारास कामगार संघटना व सरकार यांच्यामध्ये वेतनाचा पहिला राष्ट्रीय करार झाला. असे करार ठराविक वर्षांनी होत आले आहेत. अकरावा करार 1 जुलै 2021 पासून लागू धरण्यात आला व त्यावर मे 2023 मध्ये सह्या झाल्या. त्याने किमान 19 टक्के वाढ मिळाली. राष्ट्रीयीकरणानंतर ज्या कुटुंबातील पुरुष खाणीत कायम नोकरीस लागला, त्या कुटुंबाचे एका पिढीत रूप पालटले. पक्के क्वार्टर, नळाचे पाणी, दवाखाना, पगारी रजा, निवृत्तिवेतन. ज्याचा आजा टब भरीत होता, त्याचा नातू अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला. आपल्या शाळेतही अशी घराणी आहेत. येथवरची गोष्ट आनंदाची आहे, आणि ती आनंदाने सांगावी.

आता दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावे. कोल इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचे वार्षिक उत्पादन 79 दशलक्ष टन होते. 2024-25 साली ते सुमारे 781 दशलक्ष टन झाले, म्हणजे जवळजवळ दसपट. कामगार मात्र दसपट झाले नाहीत. राष्ट्रीयीकरणानंतरच्या वर्षांत ते साडेसहा लाखांहून अधिक होते. आज ते सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. गणितात हुशार असलेला विद्यार्थी म्हणेल की यंत्रे आली. ते बरोबर आहे. भुयारी खाणी मागे पडल्या. आता नव्वद टक्क्यांहून कितीतरी अधिक कोळसा उघड्या खाणींतून निघतो, आणि तेथे पूर्वी शंभर माणसांनी केलेले काम एक मोठे यंत्र करिते. पण हे उत्तर पुरते नाही. दहापट कोळशावरची माती कोणी तरी काढीत आहे. डंपर कोणी तरी हाकीत आहे. कोळसा रेल्वेच्या सायडिंगपर्यंत कोणी तरी पोहोचवीत आहे. ही माणसे कंपनीच्या हजेरीपटावर नाहीत, एवढेच. ती ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत.

यालाच आम्ही दोन मजुऱ्या म्हणतो. खाण एक, धूळ एक, उन्हाळा एक. आणि चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो हे येथील वाचकांस सांगावयास नको. परंतु एकाची मजुरी राष्ट्रीय कराराने ठरते, दुसऱ्याची ठेक्याच्या निविदेने. ज्याने कमी रकमेची निविदा भरली त्यास ठेका मिळतो. डिझेलचा भाव ठेकेदाराच्या हाती नसतो, यंत्राची किंमत त्याच्या हाती नसते. त्याच्या हाती असते ती केवळ मनुष्याची मजुरी. तेव्हा काटकसर कोठे होणार, हे ओळखण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

येथे ठेकेदारांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. 2013 पासून कोल इंडियाच्या खाणींतील खनिकर्मावर असलेल्या ठेका कामगारांसाठी एका उच्चाधिकार समितीने निराळे दर ठरवून दिले आहेत, आणि ते साध्या किमान वेतनाहून जास्त आहेत. पुष्कळ ठेकेदार ते देतात. परंतु दर कागदावर असणे निराळे आणि हातात पडणे निराळे. रक्कम बँकेत जमा होते व तिचा काही भाग रोखीने परत मागितला जातो, अशी तक्रार देशातील अनेक कोळसाक्षेत्रांतील कामगार संघटनांनी केलेली आहे. कायम कामगारास असा परतावा मागण्याची कोणाची छाती होणार नाही. ज्याची नोकरी उद्याच्या हजेरीवर अवलंबून आहे त्यालाच तो मागता येतो.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण वहीत सोडवून पाहावे. आकडे केवळ गणितासाठी घेतलेले आहेत. समजा, एका मजुरास दररोज 600 रुपये मजुरी आहे. महिन्याचे 26 दिवस काम मिळाले तर 15,600 रुपये होतात, आणि विचारले असता तो मनुष्य आपली मिळकत तेवढीच सांगेल. परंतु पावसाळ्यात खाणीत पाणी भरले, यंत्र बिघडले, घरी कोणी आजारी पडले, आणि हजेरी 20 भरली. आता मिळकत 12,000. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये, वजा जाता हाती 10,560. मुलीच्या आजारपणात त्याने 20,000 रुपये कर्ज काढले आहे. सावकाराचा दर शेकडा दरमहा तीन. महिन्याचे व्याज 600 रुपये, वर्षाचे 7,200. म्हणजे मुद्दलातील एक पैसाही न फिटता वर्षाकाठी मुद्दलाच्या एकतृतीयांशाहून अधिक रक्कम व्याजात गेली. त्या मनुष्याने एक दिवसही आळस केलेला नाही. आता निबंधातील ते वाक्य पुन्हा वाचावे.

या गणितात एक गोष्ट दिसत नाही, ती मुद्दाम दाखवितो. कायम कामगार आजारी पडला तर त्याची रजा पगारी असते व औषधोपचार कंपनीचा असतो. रोजंदारीचा मनुष्य आजारी पडला तर मिळकत थांबते आणि खर्च सुरू होतो, दोन्ही एकाच दिवशी. श्रीमंत व गरीब यांतील अंतर पगाराच्या आकड्यावरून मोजले तर ते नेहमी कमी भरते, कारण हे दुसरे अंतर त्यात येत नाही.

कोणी विचारील, दोघे एकाच गावचे, कित्येकदा एकाच शाळेतून निघालेले. मग एक कायम व दुसरा ठेक्यावर असे का व्हावे? बुद्धीचा फरक थोडा असेल, शिक्षणाचाही असेल. परंतु भद्रावती तालुक्यात याचे मोठे उत्तर सातबाऱ्यावर लिहिलेले असते.

कोळशासाठी जमीन घेण्याचा केंद्र सरकारचा कायदा 1957 चा आहे. तेलवासा, ढोरवासा, कुनाडा, चारगाव ही नावे आपल्याकडे पूर्वी पऱ्हाटी, तूर व ज्वारी यांसाठी ठाऊक होती, आज ती खाणींसाठी ठाऊक आहेत. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात असा नियम आला की दोन एकर जमिनीमागे एक नोकरी द्यावी. वरवर पाहता नियम उदार आहे. आता तो एका गावास लावून पाहू. ज्याची दहा एकर जमीन गेली, त्याच्या घरात नोकऱ्याही आल्या व मोबदल्याची रक्कमही आली. ज्याची दोन एकर गेली, त्यास एक नोकरी. ज्याची पाऊण एकर होती, त्याने आणखी काही तुकडेवाले मिळवून एकत्र अर्ज करावा आणि नोकरी आपणांपैकी कोणाच्या मुलास द्यावयाची हे आपसांत ठरवावे. भाऊभाऊ त्यावरून कायमचे तुटल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. आणि ज्याची जमीनच नव्हती, जो त्या दहा एकरांत निंदण करीत होता, कापूस वेचीत होता, त्यास काय? त्याचे शेत गेलेले नाही असे दप्तर सांगते. त्याचे काम मात्र गेले. त्या शेतमजुराचा मुलगा आज त्याच जमिनीवर, ठेकेदाराच्या हाताखाली, माती काढण्याच्या कामावर असतो. शेतीतील उच्चनीचता खाणीत अशी जशीच्या तशी उतरली. तिची पायरी चुकली नाही.

त्यातही खाण चालू राहिली तर निदान मजुरी तरी राहते. बरांजची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. कर्नाटकातील वीजकेंद्रांस कोळसा पुरविण्यासाठी तेथे खाण निघाली. 2014 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून झालेली कोळसापट्ट्यांची वाटपे बेकायदेशीर ठरवून 218 पैकी 214 रद्द केली. चालू खाणींस 31 मार्च 2015 पर्यंतची मुदत होती. ती सरताच बरांजची खाण थांबली व पुढे काही वर्षे थांबूनच राहिली. वाटपात जो दोष होता तो दिल्लीतील कागदपत्रांचा. त्याचा दंड ज्यांनी भरला त्यांत शेत देऊन बसलेले शेतकरी होते आणि पाळीवर जाणारे मजूर होते. न्यायनिवाडा चुकीचा होता असे आमचे म्हणणे नाही. तो योग्यच होता. पण योग्य निवाड्याचाही भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. 1990 नंतरच्या दशकात याच भद्रावतीस निप्पॉन डेन्रो कंपनीचे 1,082 मेगावॅटचे वीजकेंद्र होणार म्हणून मोठा गाजावाजा झाला, जमिनी घेण्यात आल्या. केंद्र आजतागायत उभे राहिले नाही. त्या जमिनीवर कोणास कायम नोकरी मिळाली नाही आणि कोणास ठेक्याचीही मिळाली नाही.

आयुधनिर्माणी हा आपल्या गावाचा दुसरा मोठा आधार. तिचे 2021 च्या ऑक्टोबरात सरकारी खात्यातून सरकारी कंपनीत रूपांतर झाले, त्याविषयी स्वतंत्र लेख लिहिता येईल. कुंभारकामास नवे वळण देणारा ग्रामोदय संघ कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1955 साली येथेच स्थापिला, हेही बाहेरच्यांपेक्षा आपणांसच कमी ठाऊक असते. असो.

खाणीच्या पलीकडे जंगल लागते आणि तेथे मजुरीचा तिसरा प्रकार सुरू होतो. मोहर्लीच्या बाजूस व तेथून पूर्वेकडे गडचिरोलीपर्यंत उन्हाळ्याचे काही आठवडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जावयाचे, पाने तोडावयाची, दुपारी घरी सारी मंडळी, मुलेसुद्धा, बसून त्यांचे पुडे बांधावयाचे आणि सायंकाळी फळीवर नेऊन मोजून द्यावयाचे. एका पुड्यात 70 पाने. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीसाठी 70,000 पाने एकेक करून हाताने खुडली गेली. येथे कामाचे तास कोणी मोजीत नाही आणि घरातील किती हात राबले हेही कोणी विचारीत नाही. पुडे तेवढे मोजले जातात. हे काम किती जिवावरचे आहे ते मे 2025 मध्ये साऱ्या जिल्ह्याने पाहिले. सिंदेवाही तालुक्यात पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्यानंतरही बायका जंगलात गेल्या. वाघाची भीती त्यांस नव्हती असे नव्हे. जून महिन्यात बियाणे, वह्यापुस्तके व किराणा यांसाठी रोख पैसा देणारे दुसरे काम त्यांच्या गावात नव्हते.

परंतु याच जंगलात एक उलट उदाहरणही घडले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावास 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचा लागे, आणि तो मिळेना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. बांबू तोच, तोडणारे हात तेच. पूर्वी ते हात मजुरी घेत. आता मजुरी देऊन वर उरलेला नफाही ग्रामसभेच्या खात्यात राहू लागला. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करण्यास आरंभ केला. सगळ्यांस यश आले असे नाही. काहींस व्यापाऱ्यांनी बुडविले, काहींत हिशेबावरून भांडणे झाली. तथापि मजुरीचा दर कोण ठरवितो यावर मजुराचे पोट किती अवलंबून असते, हे समजावून घेण्यास यापेक्षा जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तेथेही कोळसा आहे आणि कोळशाचा इतिहास आपल्यासारखाच आहे, किंबहुना अधिक कठोर आहे. ॲपलाचियन पर्वताच्या दऱ्यांत खाणमालकांनी सबंध गावेच्या गावे वसविली. घर मालकाचे, दुकान मालकाचे, आणि पुष्कळ ठिकाणी मजुरीही सरकारी नाण्यांत न देता मालकाच्या स्वतःच्या बिल्ल्यांत दिली जाई. ते बिल्ले मालकाच्याच दुकानात चालत. मजुरी एका खिशातून निघून त्याच खिशात परत जाई. मजुरांनी 1890 साली आपली संघटना उभारली. 1921 साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ब्लेअर डोंगरावर सुमारे दहा हजार खाणकामगार बंदुका घेऊन उभे ठाकले आणि शेवटी सैन्य आणावे लागले. 1938 साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात किमान वेतनाचा राष्ट्रीय कायदा झाला, तासास 25 सेंट. त्या कायद्यातून शेतमजूर व घरकाम करणाऱ्या बायका वगळण्यात आल्या होत्या, आणि त्या दोन्ही कामांत दक्षिणेकडील कृष्णवर्णीय लोकांचा भरणा मोठा होता. आपल्याकडील भूमिहीनाप्रमाणे त्यांचेही नाव दप्तरात नव्हते.

आजची स्थिती काय? राष्ट्रीय कायद्याने ठरविलेले किमान वेतन तेथे 2009 च्या जुलैपासून तासास सव्वासात डॉलर आहे. अनेक राज्यांनी आपापले दर त्याहून पुष्कळ वाढविले आहेत. परंतु सुमारे वीस राज्यांत सव्वासात हीच पायरी आहे. बक्षिशीवर राबणाऱ्या उपाहारगृहांतील नोकरांस मालकाने प्रत्यक्ष द्यावयाची किमान रक्कम तर 1991 पासून तासास 2.13 डॉलर एवढीच आहे, उरलेले गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. मर्जी कमी पडली तर तूट मालकाने भरावी असा कायदा आहे. पुन्हा वही घ्या. आठवड्यास 40 तास, वर्षाचे 52 आठवडे, एकही दिवस खाडा नाही : 7.25 गुणिले 40 गुणिले 52. उत्तर 15,080 डॉलर. अमेरिकन सरकारने 2024 साली दारिद्र्याची जी मर्यादा आखली ती एकट्या मनुष्यास 15,060 डॉलर होती. वर्षभर अखंड राबून तो मनुष्य त्या रेषेच्या वर केवळ वीस डॉलर उरतो. त्यास एक लेकरू असले तर मर्यादा 20,440 होते, आणि तो पूर्ण वेळ काम करीत असतानाच सरकारी व्याख्येनुसार दरिद्री ठरतो.

रुपयांत हिशेब करून हे आकडे मोठे आहेत असे म्हणण्याचा मोह विद्यार्थ्यांनी आवरावा. डॉलरात मिळकत तर भाडेही डॉलरात, दवाखान्याचे बिलही डॉलरात. भद्रावतीच्या मजुराचे दुःख व त्या मनुष्याचे दुःख एकसारखे आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे घरात अन्न कमी पडते, तिकडे बहुधा घरच हातचे जाते. पण कारण पाहू जाता ते दोहोंकडे एकच निघते. मालाची किंमत वाढली, यंत्रे वाढली, एका मनुष्यामागचे उत्पादन वाढले. आणि त्या वाढीतील मजुराचा वाटा ठरविताना मजूर खोलीत नव्हता.

पालकांसाठी आता काही व्यवहारोपयोगी गोष्टी सांगतो. मजुरीविषयीचे जुने कायदे संसदेने 2019 व 2020 साली चार श्रमसंहितांत गोवले, आणि त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या. वेतनसंहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे व रोजंदारीची मजुरी पाळी संपताच मिळाली पाहिजे. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात मजुराचा पैसा सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आहे. म्हणजे ही मागणी नवी नाही. वेतनाची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. ठेक्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने ती मागून घ्यावी आणि घरातील शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवावी : किती हजेऱ्या मांडल्या, दर कोणता लावला, कामगार कुशल म्हणून धरला की अकुशल, भविष्यनिर्वाह निधीत किती कापले, मालकाने आपला तितकाच भाग भरला काय, आणि खात्याचा क्रमांक कोणता. ठेकेदार बदलतो तेव्हा हा क्रमांक हरवतो आणि चार वर्षांची शिल्लक त्याबरोबर जाते. चालू असलेल्या हजेऱ्या घरच्या दिनदर्शिकेवर रोज टिपून ठेवाव्या. चिठ्ठीतील आकडा व दिनदर्शिकेवरील आकडा जुळला नाही तर मजूर आयुक्ताच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करता येतो. खाणींच्या बाबतीत हे कार्यालय केंद्र सरकारचे असते, राज्याचे नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसल्यामुळे अर्ज भलत्याच टेबलावर पडून राहतात.

आणखी एक. दहावीची परीक्षा संपताच, निकालाची वाट न पाहता, काही मुले डंपरवर किलीनर म्हणून लागतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा हजारांची रक्कम पडते आणि घरासही तिची गरज असते. अशा घरास शिक्षणाचे महत्त्व सांगत बसणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास खाणीच्या कामावर घेता येत नाही. म्हणून त्याचे नाव हजेरीपटावर नसते, निधी कापला जात नाही, आणि अपघात झाला तर तो तेथे कामावर होता याचाच पुरावा नसतो. चिठ्ठी नाही, क्रमांक नाही. अशा मुलांच्या पालकांनी जून महिन्यात शाळेत येऊन भेटावे. शिष्यवृत्तीचे अर्ज, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डिझेल मेकॅनिक व वीजतंत्री या शाखांचे प्रवेश, आणि त्यांस लागणारे जातीचे व उत्पन्नाचे दाखले यांची माहिती आम्ही कार्यालयात लावून ठेवतो, आणि अर्ज भरावयास शिक्षक सायंकाळी पाचपर्यंत बसतात.